म्हशीची साडी

माझ्या वडलांनी एक अख्खा हिवाळा साडी नेसून काढला. दिवसातून दोनदा नेसायचे, उजाडताना एकदा आणि दिवे लागायच्या वेळेला एकदा. साडी आईची. हिरवी, काठाला उसवलेली. आत खाकी हाफ पँट, उद्यमनगरात लेथवर काम करून काळे पडलेले हात, आणि ओठावर भरघोस मिशी. अण्णा पदर डोक्यावरून घ्यायचे, त्याचं टोक दातांत धरायचे आणि चरवी गुडघ्यांत दाबून म्हशीच्या कासेशी उकिडवे बसायचे.

बाहेरगावच्या माणसांना हे सांगितलं की ती आधी पोट धरून हसतात आणि मग विचारतात, पण का? म्हशी असलेल्या घरातलं माणूस हे विचारत नाही. म्हैस एका हाताला सवकली की दुसऱ्या हाताला धार देत नाही. दूध वर ओढून धरते. मग धार काढणारी बाई माहेरी गेली, आजारी पडली, की घरातलं दुसरं कुणीतरी तिचं लुगडं नेसून बसतं. नव्वदच्या दशकात कोल्हापूरच्या आमच्या मंगळवार पेठेत बोळाबोळाला गोठे होते आणि सगळ्या गोठ्यांचं यावर एकमत होतं. म्हैस लुगडं ओळखते. रंग बघते, काठ बघते. आत माणूस कुठलं का असेना, म्हशीला काय कळतंय!

हे शेवटचं वाक्य ऐकलं की माझं डोकं अजून फिरतं. आमची पेठ दुधावर पोसलेली, पण ज्या जनावराचं दूध प्यायची त्याच्याविषयी काय वाट्टेल ते बोलायची. म्हशीचं कातडं जाड, तिला काठी लागत नाही. म्हैस काळी, तिला ऊन बाधत नाही. उलट काळ्या अंगाला ऊन जास्त लागतं आणि आपल्यासारखा घामही तिला सुटत नाही, म्हणून ती बिचारी चिखल शोधते. आणि चिखलात बसली की हेच लोक म्हणणार, म्हैस घाणेरडी. पोपटाला मिरची चारली की तो स्पष्ट बोलतो, असं मानून रोज लवंगी मिरची चारणारं एक घर आमच्याच बोळात होतं. तो पोपट जन्मात एक शब्द बोलला नाही. मला वाटतं रागानंच बोलला नसेल.

आमची म्हैस आईच्या माहेराहून, नेसरीहून आली होती. मी शाळेत जायला लागल्यावर मामानं तिला टेम्पोतून आणून सोडली, तेव्हा ती लहान रेडी होती. आईनं तिला नाव ठेवलं नाही. नुसतं 'बाई' म्हणायची. "सर बाई. आता पाय उचल की बाई." मलाही ती त्याच सुरात बाई म्हणायची, त्यामुळे परसातून हाक आली की कधी कधी आम्ही दोघी वळून बघायचो. मी गोठ्यात गेले की मात्र आई हाकलायची. "तू कशाला आलीस? अभ्यास कर जा." वैरण टाकू द्यायची, पाणी दाखवू द्यायची, पण धारेला मला कधी बसू दिलं नाही. पोरीचा कच्चा हात लागला की म्हैस कायमची बिघडते, असं पेठेत म्हणत. आईचं कारण वेगळं होतं. तिला मला जन्मभर शेणामुतात बघायचं नव्हतं.

आईच्या शेवटच्या वर्षी म्हैस व्याली आणि थोड्याच दिवसांत रेडकू मेलं. अशा वेळी मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे उभं करायची रीत होती. भोत म्हणत त्याला. म्हैस ते चाटते आणि पान्हा सोडते. पोर जिवंत आहे असं तिला वाटतं, अशी लोकांची समजूत. शेजारपाजारची माणसं सल्ला द्यायला आली. आई म्हणाली, "मेलेलं तिनं बघितलंय. हुंगून बघितलंय. आता पेंढा दावून तिला येडं करू व्हय?"

भोत केलं नाही. त्याऐवजी आई तिच्याजवळ नुसती जाऊन बसायला लागली. मान खाजवायची, कासेला कोमट पाणी लावायची, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. म्हैस ओरडायला लागली की ओरडू द्यायची, गप्प कर म्हणायची नाही. असे कितीतरी दिवस गेले आणि एका सकाळी म्हशीनं पान्हा सोडला, तो आईच्या हाताला. तेव्हापासून ती एका हाताची म्हैस झाली.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवतात, गळ्यात घुंगरं बांधतात, आणि मालक सायलेन्सर काढलेली मोटरसायकल पुढे पळवतो, मागे म्हैस शेपूट वर करून धावते. बघणारे म्हणतात, म्हशीला त्या फाडफाड आवाजाची चटक असते. त्या वर्षी अण्णांनाही हौस आली. मित्राची मोटरसायकल आणली आणि बोळ दणाणून सोडला. म्हैस जागची हलली नाही. अण्णा हाका मारून मारून लाल झाले. मग आई घरातून बाहेर आली, नुसती रस्त्याच्या कडेनं चालायला लागली, आणि म्हैस तिच्या मागे निघाली. अण्णा त्या दोघींच्या मागे, फटफटी ढकलत. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. आई लाजली होती आणि खूश होती. तिचं ते चालणं मला अजून दिसतं, आणि दिसलं की दिवसभर कशात लक्ष लागत नाही.

त्या दिवाळीनंतर आईचे डोळे पिवळे दिसायला लागले. कावीळ म्हणून झाडपाला झाला, मग दवाखाना झाला, मग मोठा दवाखाना. आई तिथं असताना अण्णांनी पहिल्यांदा साडी नेसली. म्हैस मान वळवून त्यांच्याकडे बघायची, पदराला नाक लावायची, एक लांब सुस्कारा टाकायची आणि दूध द्यायची. आईला द्यायची तेवढं नाही, पण द्यायची. अण्णा दवाखान्यात जाऊन मोठ्या तोऱ्यात सांगायचे, "आज बी दिली बरं का धार. तिला वाटतंय, तूच हायस."

"तसलं काय वाटत न्हाई तिला," आई म्हणाली. "तुमची दया येती."

आम्ही तिघंही हसलो. आई पोटाला हात लावून हसली, कारण हसलं की दुखायचं. आईचं मी ऐकलेलं शेवटचं हसणं ते.

कुणी गेलं की धुतात तसं आई गेल्यावर आमचंही घर धुऊन काढलं. अण्णांची थोरली बहीण, माझी आत्या, त्यासाठी येऊन राहिली. आत्याच्या हाताला उसंत नव्हती. तिनं पांघरुणं धुतली, उशांचे अभ्रे धुतले, आईच्या साड्या, परकर, झंपर, सगळं धुतलं, आणि चांगल्या साड्या रीतीप्रमाणे नात्यातल्या बायकांना देऊन टाकल्या. तिला मी दोष देत नाही, ती धुताना रडत होती. पण संध्याकाळी मी आईची उशी घेऊन आडवी झाले तर उशीला साबणाचा वास येत होता. आई आता घरात नाही हे मला, स्मशानातून माणसं परत आली तेव्हा नाही, त्या उशीवर कळलं.

राहिली फक्त गोठ्यातली हिरवी साडी. अंगावरची खराब होऊ नये म्हणून आई धारेच्या वेळी तीच नेसायची, आणि आता अण्णा नेसत होते. शेणाचे डाग पडलेली, खुंटीवर लोंबणारी ती साडी आईच्या साड्यांत धरायचं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. शाळेतून आले की मी दप्तर टाकून गोठ्यात जायचे आणि तिच्यात तोंड खुपसून उभी राहायचे. वर शेण, पेंड, दूध. त्याच्या खाली खोबरेल आणि घाम. आणि सगळ्याच्या खाली आई. मला आई हवी होती. दुसरं काही म्हणजे काही नको होतं. नववीतल्या मुलीनं असं बोलून दाखवायचं नसतं, म्हणून मी ते साडीत तोंड घालून बोलायचे. म्हैस रवंथ करत माझ्याकडे बघत असायची. त्या साडीच्या आम्ही दोघी वाटेकरी होतो.

आणि तीच साडी दिवसातून दोनदा अण्णांच्या अंगावर जायची. अण्णांना लोखंडाचा, तेलाचा, तंबाखूचा वास. रोज साडीत थोडे अण्णा वाढायचे आणि थोडी आई कमी व्हायची. मला त्यांचा इतका राग यायचा की जेवताना मी त्यांच्याकडे बघायचे नाही. एकदा न राहवून म्हणाले, "अण्णा, दुसरी कुठलीतरी नेसा की."

"दुसरी कुटली हाय?" ते म्हणाले.

दुसरी नव्हतीच. आणि ही नेसली नाही तर म्हैस दूध द्यायची नाही, दूध न देणारी म्हैस पेठेत कुणी दावणीला ठेवत नाही. साडी जपावी तर म्हैस जाणार, म्हैस जपावी तर साडीतली आई जाणार. त्या वयात हा पेच घेऊन मी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसलेली असायचे, आणि आत्याला वाटायचं, पोरगी अभ्यास चुकवते.

माझा पेच आत्यानंच सोडवला. एका रविवारी मी मैत्रिणीकडून परत आले तर परसात दोरीवर हिरवी साडी वाळत होती. सोड्यात उकळून, साबण लावून, आपटून. इतकी स्वच्छ ती मी कधी बघितली नव्हती.

"कसला वास मारत हुता तिला," आत्या म्हणाली. "तुझा बा रोज गुंडाळतोय अंगाला, खरूज हुईल न्हवं. म्हटलं, धुतो एकदा."

मी त्या ओल्या साडीत तोंड घातलं. साबण. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण शेजारच्या बाया भिंतीवरून डोकावल्या आणि आत्याला वाटलं मला विंचू डसला. तिनं माझा पाय हातात घेऊन तळवा तपासला. त्या माऊलीला काय सांगायचं होतं?

संध्याकाळी अण्णा साडी नेसून बसले. तीच साडी, तोच रंग, तोच उसवलेला काठ. धुतल्यामुळे हिरवा रंग उलट जास्तच खुलला होता. पेठेच्या म्हणण्याप्रमाणे म्हशीनं त्या दिवशी दुप्पट दूध द्यायला हवं होतं. म्हशीनं मान वळवली, पदर हुंगला. परत हुंगला. मग नाकपुड्या फुगवून जोरात श्वास सोडला आणि अशी लाथ झाडली की चरवी भिंतीवर गेली आणि अण्णा शेणात.

पुढचे दिवस तेच. कास दगडासारखी व्हायला लागली. आता तरी पेठेचं मत बदलावं की नाही? छे. कुणी म्हणालं, अण्णांना निऱ्या नीट घालता येत नाहीत. कुणी म्हणालं, धुतल्यावर रंग बदलला, म्हणून म्हैस बिचकली. आत्या म्हणाली, नजर लागली. तिनं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि त्या खकाण्यात आम्ही तिघं खोकत बसलो, परसात म्हैस खोकत बसली. "तिला आईचा वास येत न्हाई," मी म्हणत होते. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. वास कुठला, सगळ्या गोठ्याला वासच तर येतो, असं आत्याचं म्हणणं.

शेवटी अण्णांनी गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. ते साडीतल्या अण्णांना बघून हसले नाहीत, तेवढ्यावरच माणूस चांगला आहे हे मला कळलं. त्यांनी कास दाबून बघितली, ताप बघितला. मग म्हणाले, "रंगाचं तिला फारसं पडलेलं नसतं. ती नाकानं ओळखते, आवाजानं ओळखते, हातानं ओळखते. आणि म्हशीचं दूध काही खाली साठून तयार नसतं. तिनं सोडलं तरच उतरतं. घाबरली, बिचकली की संपलं." पान्ह्याचं इंजेक्शन तेव्हा सर्रास देत. अण्णांनी त्याचं विचारल्यावर डॉक्टरांनी मान हलवली. रोज टोचून दूध काढणं म्हणजे जनावराचे हाल, ते मी करणार नाही, म्हणाले. नव्या हाताची हळूहळू सवय लावा.

"किती दिवस लागतील?" अण्णांनी विचारलं.

"ते तिच्यावर आहे."

डॉक्टर गेले आणि आत्यानं तोंड उघडलं. "इक आता. येत्या बाजाराला इक. माणूस कामावर जाणार, पोरगी शाळंत. कुणी करायचं तिचं? ज्या बाईची म्हैस हुती ती बाईच न्हाई, तर कशाला जीव काढतोस तिचा?" यात चुकीचं काही नव्हतं. अण्णा गप्प बसले. अण्णा गप्प बसले म्हणजे त्यांना पटलेलं असायचं. बाजार शनिवारी होता.

मला म्हैस जायला नको होती, आणि त्यात दुधाचा काही संबंध नव्हता. घरी येणारी माणसं आता आईविषयी बोलायची बंद झाली होती. मी समोर आले की मुद्दाम शाळेचं विचारायची. अण्णा तर तिचं नावच घ्यायचे नाहीत. आई नाही म्हणून रोज उघडउघड भांडण काढणारी घरात एकच होती, ती म्हैस. ऊन उतरलं की ती गोठ्याच्या दाराकडे तोंड करून उभी राहायची, कान पुढे करून, आणि ओरडायची. ती गेली असती तर आईची वाट बघणारी मी एकटीच उरले असते.

शुक्रवारी शाळेतून आले तेव्हा घरात कुणी नव्हतं. आत्या भाजीला गेली होती. मी रोजच्यासारखी वैरण टाकली, तर तिनं तोंड लावलं नाही. कास ताठ झाली होती, हात लावला तर गरम. दुखत असणार. मी चुलीवर पाणी कोमट केलं, बादलीत आणलं आणि आई लावायची तसं कासेला लावत बसले. धार काढायचं माझ्या मनातही नव्हतं. उद्या ती जाणार होती, आणि जाताना तिचं निदान दुखू नये, एवढंच होतं. अंगावर शाळेचा गणवेश. मी तिच्याशी बोलत होते आणि बोलता बोलता रडत होते. "बाई," म्हणत होते, "बाई गं, त्यांस्नी काय कळत न्हाई गं."

म्हशीनं मान वळवली. आधी माझी बाही हुंगली. मग दंड. मग नाक वर आणलं आणि माझ्या मानेला लावलं, कानाच्या मागे, केस जिथं सुरू होतात तिथं. गरम, ओला श्वास. मला वाटलं ती आता जोरात फुरफुरणार आणि लाथ झाडणार. ती तिथंच थांबली. नाक टेकवून, हळूहळू श्वास घेत, किती वेळ कोण जाणे. मी हलले नाही. आणि माझ्या हाताखाली कास सैल पडायला लागली, सड भरून आले.

मी आयुष्यात कधी धार काढली नव्हती, पण रोज बघितली होती. पहिली धार जमिनीवर गेली, दुसरी माझ्या स्कर्टवर. चरवी आणायला उठायची हिंमत नव्हती. बादलीतलं पाणी तिथंच ओतून टाकलं आणि त्यात काढायला लागले. बोटं भरून आली, मनगटं दुखायला लागली, तरी ती देतच होती. म्हशीनं वैरणीला तोंड लावलं. तिच्या चावण्याचा आवाज आणि बादलीत धारेचा आवाज, एवढंच चाललं होतं, आणि मला वाटलं, मी आता मागे बघितलं तर आई असेल.

मागे बघितलं तर अण्णा होते. उद्याच्या बाजाराची तयारी करायची म्हणून लवकर आले होते. गोठ्याच्या दारात उभे होते, डबा हातात तसाच. त्यांच्या मागून आत्या पिशवी घेऊन आली, तिनं आत बघितलं आणि तोंडाला पदर लावला. "आगं बया," म्हणाली, "पोरीला सोडली की गं धार."

"अण्णा," मी विचारलं, "माझ्या अंगाला आईचा वास येतोय काय ओ?"

अण्णा जवळ आले, बादली उचलली आणि घरात गेले. आत जाऊन बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. शनिवारी म्हैस बाजाराला गेली नाही.

डॉक्टरांना मी नंतर सगळं सांगितलं. ते म्हणाले, सोपं आहे. इतके दिवस वैरणपाणी तूच करत होतीस, तुझी सवय झालेली होती. हात मऊ, आवाज ओळखीचा, साडीचं सोंग नाही, दंगा नाही, म्हणून ती निवांत झाली. बरोबरच असणार ते. मी स्वतः पुढे लोकांच्या असल्या समजुतींवर तावातावानं भांडत आले आहे. शेजारणीनं मांजर पोत्यात घालून लांब सोडलं, मांजर घराचं असतं माणसाचं नसतं म्हणाली, तर तिच्याशी मी आठवडाभर बोलले नव्हते. पण या एका बाबतीत मी डॉक्टरांचं मनावर घेतलं नाही. आपल्या अंगाचा वास आपल्याला येत नाही. मी आईला साडीत शोधत होते आणि म्हशीला ती माझ्या मानेपाशी सापडली, असंच मी धरून चालले. ही माझी खुळी समजूत असेल. असू दे. ती काढून घेतली तर माझ्याजवळ त्या दिवसांतलं काही उरत नाही.

मग दोन्ही वेळची धार माझीच झाली. दहावी, बारावी, कॉलेज. मैत्रिणी रंकाळ्यावर फिरायला जायच्या आणि मला धारेला घरी पळावं लागायचं, त्याचं कधी वाईट वाटलं नाही. बसले की म्हैस आधी मान वळवायची, माझ्या कानामागे नाक लावायची, आणि मगच दूध. ती तेवढा वेळ घेईपर्यंत मी डोळे मिटून बसायचे. दिवसातून दोनदा, तेवढ्यापुरती, आई घरात असायची. आज सासरी, शिरोळला, आमच्या दारात ट्रॅक्टर आहे, उसाचा मळा आहे, कशाला कमी नाही. पण दिवे लागायची वेळ झाली की मान आपोआप एका बाजूला कलते आणि कुणी येत नाही.

अण्णा परत कधी साडी नेसले नाहीत. हिरवी साडी आत्यानं फाडून फडकी केली. मला त्याचं काही वाटलं नाही, त्या साडीत आता कुणीच नव्हतं.

म्हैस म्हातारी झाली. शेवटच्या वेतानंतर ती गाभण राहिली नाही. आटली ती आटलीच, डॉक्टरांनी भाकड म्हणून सांगितलं. तोवर पेठेतले गोठेही एकेक करून बंद होत होते, तिथं दुकानगाळे येत होते. पण आमच्या म्हशीला विकायचं नाव कुणी काढलं नाही. कामावरून आले की अण्णाच तिला पाणी दाखवायचे, अंगावरून हात फिरवायचे. तिच्याशी बोलायचेही. मी गेले की गप्प व्हायचे.

दोन हजार साल उलटून गेल्यावर एका उन्हाळ्यात माझं लग्न झालं. लग्नाच्या सकाळी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका हॉलवर जायच्या घाईत होत्या, आणि मी आतल्या खोलीत शालू नेसायला निघाले होते. हळद लागल्यापासून जी नेसून घरात वावरत होते ती सुती साडी अंगावर होती, घामानं भिजून चुरगळलेली. अण्णा दारात आले. नवा पांढरा शर्ट, मिशी आता पिकलेली. बायकांना बाहेर जायला सांगितलं.

"ही अंगावरची साडी हितंच ठेवून जा," ते म्हणाले.

"का ओ?"

"म्हशीला लागंल. धारेला." ते भिंतीकडे बघत होते. "तू न्हाईस म्हटल्यावर ती काय कुणाला हात लावू द्यायची न्हाई. आणि धुऊ नगंस. हाय अशीच दे."

म्हैस भाकड होऊन वर्ष उलटून गेलं होतं. धार काढायची राहिलीच नव्हती. हे अण्णांना ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक होतं. मला त्यांच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायचं होतं, पण बाहेर पाहुणे होते आणि अण्णांना ते सोसलं नसतं.

"बरं," मी म्हणाले.

ते बाहेर गेले. मी दार लावून शालू नेसले. दार उघडलं तर ते तिथंच उभे होते, आणि मी साडी तशीच, न धुता, त्यांच्या हातात दिली.